मामाची टाकीज

माझ्या आईचे माहेर लोधीखेडा. गोव्यातल्या वाचकाने हे नाव ऐकले असण्याची शक्यता कमीच. नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेने वर निघाले की सावनेर लागते, मग केळवद, त्यानंतर राज्याची हद्द संपते आणि मध्य प्रदेशातले पहिले मोठे गाव येते ते लोधीखेडा. पुढे सौंसर. गावातल्या पाट्या हिंदीत. त्यांवर गावाचे नाव 'लोधीखेड़ा' असे, 'ड'खाली टिंब देऊन लिहिलेले. घराघरांत मात्र मराठी, आणि तीही थेट नागपुरी वळणाची. आईला ते टिंब आवडायचे नाही. पत्रावर पत्ता लिहिताना ती हटकून टिंबाशिवाय लिहायची. पत्र पोहोचायचे.

माझे वडील फोंड्याचे. नोकरीनिमित्त काही वर्षे नागपूरला होते, तिथेच आईशी लग्न जमले. मी चार वर्षांचा असताना आम्ही गोव्याला परतलो. पण एक वर्षाआड मे महिन्यात आई आम्हा भावंडांना घेऊन माहेरी जायची. फोंड्याहून बसने कोल्हापूर, कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर आणि मग इतवारी स्टेशनवरून छोटी गाडी. छोटी म्हणजे खरोखरच छोटी. अडीच फूट रुंदीचा रूळ, बाकावर समोरासमोर बसले की गुडघ्याला गुडघा लागायचा. वेग असा की खिडकीतून शेजारच्या रस्त्यावरचा सायकलवाला बराच वेळ दिसत राहायचा. तीन दिवसांच्या प्रवासाने आम्ही कोळशासारखे काळे होऊन उतरायचो आणि फलाटावर मामा उभा असायचा. उतरल्याबरोबर तो वाकून आम्हा पोरांच्या पाया पडायचा. आपल्याकडे भाचा मामाच्या पाया पडतो, तिकडे उलटे. मला फार अवघडल्यासारखे व्हायचे. मामा म्हणायचा, "अरे भाचा आहेस तू, देवाचा मान आहे तुले."

हा मामा गावातल्या टाकीजमध्ये ऑपरेटर होता. टाकीजला नाव होते, पण ते कोणी घेत नसे. गावात एकच, म्हणून नुसती 'टाकीज'. दगडी भिंती, वर पत्रे, पुढे जमिनीवर बसायची जागा, मागे लाकडी बाके आणि सगळ्यात मागे दोन पायऱ्या चढून पंचवीस-तीस खुर्च्या, त्याला बाल्कनी म्हणायचे. बायकांसाठी एका बाजूला कमरेएवढी भिंत घालून वेगळी जागा. खेळ सुरू होण्याआधी छपरावरच्या कर्ण्यावर गाणी लागायची. गावाला घड्याळाची गरज नव्हती. गाणी बंद झाली की खेळ सुरू झाला, हे शेतातल्या माणसालाही कळायचे.

आम्हा गोव्याच्या पोरांना एका गोष्टीचे नवल वाटायचे. पाऊस आला की खेळ तसाच चालू राहायचा, पण पत्र्यावरच्या आवाजात एकही संवाद ऐकू यायचा नाही. तरी कोणी उठत नसे. ज्यांनी आधी सिनेमा पाहिला होता ते शेजारच्याला ओरडून सांगायचे, आता तो तिला काय म्हणाला ते. मेमधला तो वळवाचा पाऊस अर्ध्या तासात ओसरायचा. आपल्या जूनच्या पावसात असली टाकीज चालवायची म्हटली असती तर चार महिने मूकपटच दाखवावे लागले असते.

मामामुळे मला फुकट प्रवेश. पण खरी मिजास वेगळीच होती. मी बाल्कनीत बसायचो नाही, मी मशीनच्या खोलीत बसायचो. लोखंडी जिना चढून गेले की ती खोली. आत दोन मशीन. आजच्या मुलांना सांगावे लागते की तेव्हा मशीनमध्ये बल्ब नसायचा. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी पेटवायची, वेल्डिंगसारखी. तो प्रकाश पडद्यापर्यंत जायचा. कांड्या जळत जायच्या, मधले अंतर वाढायचे, प्रकाश पिवळा पडायचा. म्हणून ऑपरेटरने सतत त्या काळ्या काचेतून ठिणगीकडे पाहत, चाक फिरवत कांड्या जवळ आणत राहायचे. दारेखिडक्या जवळजवळ बंद, वर धुराडे. मे महिन्यात त्या खोलीत मामा बनियनवर, खांद्यावर ओला पंचा टाकून उभा असायचा.

एक रीळ साधारण वीस मिनिटे चाले. ते संपायच्या आधी दुसऱ्या मशीनवर पुढचे रीळ तयार ठेवायचे. मग मामाने मला एक गुपित सांगितले. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, क्षणभर एक टिपका चमकतो. पहिला टिपका आला की दुसरे मशीन सुरू करायचे, काही सेकंदांनी दुसरा टिपका आला की झडप पाडून बदल करायचा. प्रेक्षकाला कळताही कामा नये. तेव्हापासून मला कुठल्याही सिनेमात तो टिपका दिसू लागला. फोंड्याच्या 'आयशा'त मित्रांबरोबर बसलेलो असलो तरी माझे लक्ष त्या कोपऱ्यात. सगळे थिएटर नायिकेकडे पाहते आहे आणि मी टिपक्याची वाट पाहतो आहे, अशी कैक वर्षे गेली.

जळून उरलेले कार्बनचे तुकडे मामा आम्हाला द्यायचा. वरून तांब्याचा पातळ थर असलेले ते बोटभर तुकडे आम्ही खजिन्यासारखे जपायचो. तुटलेल्या फिल्मचे तुकडेही मिळायचे. पाण्याने भरलेला जुना बल्ब, आरसा आणि एक पांढरे धोतर एवढ्या सामग्रीवर मी आणि मामेभाऊ दुपारी ओसरीवर आमची टाकीज चालवायचो. तिकीट एक चिंच.

गावात आलेला प्रत्येक सिनेमा हिंदीच असायचा असे नाही. मराठी सिनेमा वर्षातून एखाददुसरा यायचा आणि आला की ती जत्राच. 'माहेरची साडी' १९९१ साली प्रदर्शित झाला. लोधीखेड्यात तो पोहोचला तेव्हा आम्ही तिथे होतो. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या भरून बायका आल्या होत्या. सरकारी कारभार हिंदीत, मुलांची शाळा हिंदीत, बसवरची पाटी हिंदीत. आणि या दगडी भिंतींच्या आत पडद्यावरची बाई त्यांच्या भाषेत रडत होती. माझी आजी पंचाहत्तरीच्या पुढची. तिला दिसत कमी होते. ती पदर डोक्यावर ओढून, डोळे मिटून नुसती ऐकत बसली होती. घरी येताना म्हणाली, "आपल्यासारखंच बोलतेत वं सारे." अलका कुबलचे काम कसे झाले वगैरे तिच्या लेखी नव्हतेच. पडद्यावरची माणसे आपल्यासारखे बोलतात, एवढाच तिचा आनंद.

असो. आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. पण त्याआधी आणखी एक सांगायला हवे, कारण ते मला फार उशिरा कळले.

सिनेमाच्या धंद्याचा स्वतःचा एक नकाशा आहे. राज्यांच्या नकाशाशी त्याचा मेळ नाही. वितरणासाठी देशाचे काही भाग पाडलेले आहेत. आपला गोवा मुंबई विभागात येतो. विदर्भ आणि त्याला लागून असलेला मध्य प्रदेशचा भाग ज्या विभागात येतो त्याचे नाव आहे 'सी.पी. बेरार', म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. हा प्रांत इंग्रजांच्या काळातला. १९५० साली त्याचे मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात उरला. मराठी बोलणारे सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा त्याच्याबरोबर पलीकडे राहिले. राजधानी एका रात्रीत नागपूरहून भोपाळला गेली. सगळे बदलले, पण सिनेमावाल्यांनी नाव बदलले नाही. त्यांच्या हिशेबात लोधीखेडा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. प्रिंटची पत्र्याची पेटी अमरावती-नागपूरकडून यायची, छोट्या गाडीच्या गार्डच्या डब्यातून उतरायची, आणि त्या पेटीला मध्ये कुठे हद्द लागली हे ठाऊकही नसायचे. मामा ती पेटी सायकलच्या कॅरियरवर बांधून आणायचा. माझ्या आजीला तिची भाषा ऐकायला मिळाली ती या धंदेवाईक नकाशामुळे.

ही टाकीज २००८च्या दिवाळीनंतर बंद पडली. कारणे तीच, जी सगळीकडे होती. १९८७-८८मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचे तेव्हाच मामा म्हणाला होता, "हा डब्बा आमचं दुकान उठवते पाय." तसे लगेच झाले नाही. जवळच्या बोरगावला कारखाने आले, तिथल्या कामगारांनी काही वर्षे रात्रीचे खेळ भरले. मग व्हीडीओ, केबल, दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या सीडी. नागपूरला मल्टिप्लेक्स झाले. नवा सिनेमा गावात यायला तीन-चार महिने लागायचे, तोवर घराघरांत तो पाहून झालेला असायचा. मालकाच्या मुलांना धंद्यात रस नव्हता. जागा विकली गेली. २००९च्या उन्हाळ्यात पत्रे उतरवले, मग भिंती पाडल्या. मामेभावाने फोनवर सांगितले की मशीनची खोली सगळ्यात शेवटी पडली, कारण तिच्या भिंती जाड होत्या.

भिंती पडायच्या आधी, फेब्रुवारीत, मामाचा मला फोन आला होता. मी तेव्हा सरकारी नोकरीला लागून पाच-सहा वर्षे झालेली, कनिष्ठ कारकून. पण मामाच्या दृष्टीने मी 'सरकार'. तो मला तेव्हापासून भाचेसाहेब म्हणू लागला होता. म्हणाला, "भाचेसाहेब, एक अर्ज लिहून द्याल का? बत्तीस वर्षं झाली मले. मालक म्हणते पाच हजार घे आन् सही कर. कोणी म्हणते गिरच्युटी भेटते."

मी विचारले, "टाकीजमध्ये तुम्ही माणसे किती?"

त्याने मोजून सांगितले. तो, त्याचा मदतनीस, दोन गेटकीपर, तिकीटवाला, झाडूवाली. सहा.

मी लगेच म्हणालो, "मामा, ग्रॅच्युइटीला किमान दहा माणसे लागतात. सहा असतील तर कायदा लागू होत नाही. काही उपयोग नाही."

मी खोटे बोललो नाही. ग्रॅच्युइटीचा १९७२चा कायदा दुकानांना आणि आस्थापनांना लागू व्हायला दहा कामगारांची अट होती. ते मला परीक्षेपुरते पाठ होते. समोर टेबलावर मार्चअखेरची बिले होती, साहेब हाक मारत होते. फोन दोन मिनिटांत संपला. मामा म्हणाला, "बरं बाप्पा, तू म्हणतोस तर नसंनच." त्या दिवशी तो पहिल्यांदा 'तुम्ही'वरून 'तू'वर आला, हे मला नंतर आठवले. त्याने सही केली, पाच हजार घेतले.

दोन वर्षांनी, २०११च्या हिवाळ्यात, मामा-मामी गोव्याला आले. मामाला देवळे दाखवली, समुद्र दाखवला. समुद्रापुढे तो फार वेळ उभा राहिला नाही. पण पणजीला आयनॉक्समध्ये सिनेमा पाहायला जाऊ म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. इफ्फीसाठी २००४ साली जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात बांधलेले हे थिएटर आपल्याला आता सवयीचे झाले आहे. मामा आत शिरला तो पायाखालच्या गालिच्याकडे पाहत, चपला काढाव्यात की नाही या विचारात. खेळ सुरू झाला आणि माझ्या लक्षात आले की तो पडद्याकडे पाहतच नाही. मान वळवून मागच्या खिडकीकडे, जिथून प्रकाश येतो तिकडे पाहतो आहे. मी हळूच विचारले, काय झाले? म्हणाला, "वरते कोणी दिसत नाही." मग थोड्या वेळाने, "टिपका आला नाही." मी सांगितले की आता रीळच नसते, सगळे कॉम्प्युटरवरून चालते. तो गप्प झाला.

मध्यंतरात पॉपकॉर्न खाताना त्याने जे सांगितले ते ऐकून मी चमकलो. बत्तीस वर्षांत त्याने एकही सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नव्हता. पाहणार कसा? नजर ठिणगीवर, हात चाकावर, दर वीस मिनिटांनी रीळ बदलायचे, उरलेल्या वेळात संपलेले रीळ उलटे गुंडाळायचे. मशीनच्या आवाजात संवाद ऐकू यायचे नाहीत. सिनेमा कुठवर आला ते त्याला प्रेक्षकांच्या आवाजावरून कळायचे. शिट्ट्या वाजल्या की गाणे, शांतता झाली की आईचा मरणाचा प्रसंग, नाणी पडल्याचा आवाज आला की देवीचा सिनेमा. 'जय संतोषी माँ'च्या वेळी पडद्यापुढची नाणी त्याने झाडूवालीबरोबर गोळा केली होती, पण सिनेमाची गोष्ट त्याला मामीने सांगितली. आयनॉक्समधला तो सिनेमा त्याने आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून पुरा पाहिला. पुरा म्हणजे, मध्यंतरानंतर झोप लागेपर्यंत.

त्यानंतर तीन वर्षांनी, २०१४मध्ये, कार्यालयात एक जुनी संदर्भ-पुस्तके असलेली कपाट-सफाई चालली होती. रद्दीत काय टाकायचे ते ठरवायचे काम माझ्याकडे होते. त्यात कामगार कायद्यांचे एक जाडजूड संकलन होते. चाळता चाळता एक नाव दिसले : सिने-कामगार आणि चित्रपटगृह कामगार (रोजगार विनियमन) अधिनियम, १९८१. मी खाली बसून वाचले. त्यात साफ लिहिले होते की ज्या चित्रपटगृहात पाच किंवा अधिक कामगार आहेत तिथे भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होईल, आणि ग्रॅच्युइटीचाही.

पाच. दहा नव्हे.

केंद्राचा कायदा, म्हणजे फोंड्याला आणि लोधीखेड्याला सारखाच. मामाकडे सहा माणसे होती. मी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब केला. शेवटचा पगार महिना २६०० रुपये. त्याला २६ने भागायचे, पंधरा दिवसांनी गुणायचे, मग बत्तीस वर्षांनी. ४८,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मी केलाच नाही. करवला नाही.

अठ्ठेचाळीस हजार म्हणजे काही घबाड नव्हे. पण २००९ साली मामीच्या डोळ्यांचे ऑपरेशन पैशांअभावी वर्षभर लांबले होते, मामेभावाने किराणा दुकान टाकायला व्याजाने पैसे काढले होते. हे मला तेव्हाही ठाऊक होते. मालकाने द्यायला हवे होते आणि दिले नाहीत, हा दोष त्याचा. पण मामाने मालकाला विचारले नव्हते, मला विचारले होते. आणि मी त्याला दोन मिनिटांत, पुस्तक न उघडता, नाही म्हणून सांगितले होते. रोज लोकांच्या अर्जांवर शेरे मारण्याची ही सवय. दहाचा आकडा पाठ आहे ना, मग झाले.

हे मामाला फोनवर सांगणे मला जमले नाही. २०१५च्या नोव्हेंबरात कळले की रूळ रुंद करण्यासाठी छोटी गाडी बंद होणार आहे. तिने एकदा शेवटचे जायचे म्हणून मी रजा काढली. आई तोवर राहिली नव्हती. इतवारीहून निघालो. खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळवद. गुडघ्याला गुडघा तसाच लागत होता. माझ्यासारखेच बरेच लोक नुसते शेवटचे बसायचे म्हणून आलेले, मोबाइलवर फोटो काढत होते. फलाटावर मामा काठी टेकत उभा. माझ्या पाया पडायला वाकू लागला. मी त्याला धरून ठेवले, वाकू दिले नाही.

रात्री जेवणानंतर ओसरीवर बसलो तेव्हा मी सगळे सांगितले. कायद्याचे नाव, पाचाचा आकडा, अठ्ठेचाळीस हजार. हेही सांगितले की उशीर झाला एवढ्यावरून ग्रॅच्युइटीचा दावा बाद होत नाही, अर्ज अजून करता येईल, मी लिहितो. झेरॉक्स बरोबर आणली होती. मामाने कंदिलाजवळ धरावा तसा तो कागद बल्बखाली धरला. चष्म्यातून वाचल्यासारखे केले. त्याचे शिक्षण चौथीपर्यंत, तेही हिंदीत. मग कागद घडी करून मला परत दिला.

"मालक गेले दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "पोरं कुठं हायेत मले मालूम नाही. हजेरीचं बुक तर भिंतीसंगच गेलं. आता कोनाले मागू?"

मी म्हणालो, "माझी चूक झाली मामा."

तो लगेच "जाऊ दे" म्हणाला नाही. सिनेमातल्या मामासारखे त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. थोडा वेळ तो अंगणाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "तू तवा पुस्तक पाहून सांगतलं असतं तं बरं झालं असतं." एवढेच. मग मामीला चहा टाकायला सांगितला.

त्याच्या त्या एका वाक्याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे. क्षमा केली असती तर मी ती घेऊन गोव्याला परतलो असतो आणि विसरलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे टाकीजच्या जागेवर गेलो. तिथे पाच-सहा गाळ्यांची इमारत उभी होती. खताचे दुकान, मोबाइलचे दुकान, एका गाळ्यात पिठाची चक्की. जागा कुठे होती ते मामाने पावले मोजून दाखवले. इथे तिकीटखिडकी, इथे गेट, आणि मशीनची खोली ती तिथे, चक्कीच्या वर. चक्की चालू होती. तिच्या आवाजात त्याचे बोलणे नीट ऐकू येत नव्हते. त्याला त्याची सवय होती, मला नव्हती.

मोठ्या शहरांतली थिएटरे पाडली गेली तरी नावाने उरतात. पुण्यातले पहिले चित्रपटगृह 'आर्यन' १९१५ साली मंडईजवळ सुरू झाले, १९८३ साली ते पाडले, पण तिथल्या वाहनतळाला लोक अजून आर्यनच म्हणतात. नागपुरात सीताबर्डीवर व्हरायटी चौक आहे, तो व्हरायटी टॉकीजमुळे. गिरगावातल्या 'मॅजेस्टिक'मध्ये १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' लागला होता, ते थिएटर गेले तरी सिनेमाच्या इतिहासात त्याची जागा पक्की आहे. आपल्याकडेही पणजीत 'नॅशनल', मडगावात 'लता' ही नावे पत्ता सांगण्यासाठी वापरलेली मी कितीदा ऐकली आहेत. लोधीखेड्याच्या टाकीजला तेही नशिबी आले नाही. जिला नावाने कोणी हाक मारली नाही तिचे नाव उरणार तरी कसे? आज त्या कोपऱ्याला लोक 'चक्कीवाला कोपरा' म्हणतात. रुंद रुळावरची गाडी २०२१मध्ये सुरू झाली, ती लोधीखेड्यावरून झपाट्याने जाते. २०२३ साली जिल्हाही बदलला, आता छिंदवाडा नाही, पांढुर्णा. मामा मात्र हे दोन्ही पाहायला नव्हता. तो २०१९च्या पावसाळ्यात गेला.

मी दिवसकार्याला गेलो होतो. मामेभावाच्या दुकानाबाहेर एक म्हातारे गृहस्थ मला विचारत होते, "टाकीजवाल्याचे भाचे का तुम्ही?" मी हो म्हणालो. गावात टाकीज या शब्दाचा तेवढा एकच वापर शिल्लक होता. मामेभावाने मला एक डबी दिली. तिच्यात कार्बनचे चार तुकडे होते, तांबे काळे पडलेले. ते आता माझ्या कार्यालयातल्या टेबलाच्या खणात आहेत, पिनांच्या डबीशेजारी.

गेल्या वर्षी, २१ नोव्हेंबर २०२५ला, देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने कितीतरी कायदे त्यांत विरघळले. १९८१चा तो चित्रपटगृह कामगारांचा कायदाही त्यांत गेला. बातमी वाचली तेव्हा मनात आले, ज्या कायद्याने मामाचे भले व्हायचे होते तोही टाकीजसारखाच पाडला गेला, आणि त्याचे नावही कोणाच्या तोंडी नव्हते. कागदाची ती झेरॉक्स मात्र मी टाकलेली नाही.

मी काही फार बदललो असे नाही. मार्चअखेर आली की आजही चिडतो, साहेबांनी हाक मारली की उठतो. पण खिडकीशी कोणी येऊन विचारले, "हे मला मिळेल का हो?" तर पाठ असलेले उत्तर तोंडावर आले तरी मी ते गिळतो. खण उघडतो, पुस्तक काढतो आणि म्हणतो, "थांबा जरा, पाहून सांगतो."

मागे रांगेतले लोक वैतागतात. वैतागू देत.